दहा वर्षांची हमी

१२ ऑगस्ट

आज सही केली. सोळा पानी हमीपत्र, प्रत्येक पानाखाली सही. कागदवाल्याच्या ऑफिसात सगळा कार्यक्रम झाला. कागदवाला म्हणजे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची सरकारी कामं करून देणारा माणूस. बोलतो कमी, फी घेतो भरपूर. सही करताना म्हणाला, "नीट वाचलंत ना?" मी म्हटलं, "हो, वाचलं." कुठलं वाचलंय! चौदा कलमं, आणि एकेक वाक्य असं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होतं.

पण मतलब मला ठाऊक आहे. अक्काला इथे कायमचं राहायला आणायचं, तर पुढची दहा वर्षं तिचा भार माझ्या डोक्यावर. तिने सरकारकडून मदत म्हणून एक पै घेतली तरी सरकार ती माझ्याकडून वसूल करणार. माझी नोकरी गेली, आमचं भांडण झालं, ती वेगळी राहायला लागली, तरी सुटका नाही.

कागदवाल्याने एक सल्ला मात्र फुकट दिला. म्हणाला, "एक वही ठेवा. बहिणीसाठी काय काय करता ते तारखेसकट लिहीत जा. उद्या काही वाद झाला तर पुरावा लागतो." म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून कामावरच्या चिठ्ठ्यांशिवाय मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखन माफ.

२० ऑगस्ट

घोळ. माझा पगार हमीसाठी कमी पडतो. बायकोचा धरला तर पुरला असता, पण चिमणी झाल्यापासून ती बिनपगारी रजेवर आहे.

कागदवाल्याने वाट काढली. खात्यात ठरावीक रक्कम शिल्लक दाखवली की चालतं. मग अक्काला फोन केला. तिच्या नावावर दोन खोल्या आहेत, त्या विकायच्या आणि पैसे माझ्या खात्यात ठेवायचे. नाहीतरी ती इथे आल्यावर त्या खोल्यांचं काय लोणचं घालायचंय? अक्काने "दोन्ही?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर, छोट्या."

थोडक्यात, मी तिला पोसू शकतो हे तिच्याच पैशांनी सिद्ध होणार. बायको हसली. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कागद हे कागद असतात.

९ मार्च

अक्का आली. विमानतळावर मी हात हलवतोय, ओरडतोय, आणि ही शेजारून सरळ पुढे निघाली! धावत जाऊन खांदा धरला तेव्हा दचकली. एवढ्या प्रवासाने भांबावली असणार.

पंधरा वर्षांनी मोठी आहे माझ्याहून. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पुढचं सगळं अक्काने केलं. शर्टाच्या कॉलरी शिवून मला शिकवलं, इथे यायचं तिकीटही तिनेच काढलं. तिचं लग्न राहून गेलं. तसं कोणी ठरवलं नव्हतं, राहून गेलं. आता तिला सुखात ठेवायची माझी पाळी. एप्रिलमध्ये बायकोची रजा संपते आणि चिमणीला सांभाळायला कोणी नाही, हा निव्वळ योगायोग.

घरी आल्यावर तिने चिमणीला मांडीवर घेतलं, खिडकीजवळ नेलं आणि तोंड अगदी जवळ आणून कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "कपाळ आईचं आहे."

१० मार्च

रविवार. जेवणं झाल्यावर अक्काला हमीपत्र वाचून दाखवलं. आपण इथे कोणाच्या जिवावर आहोत हे तिलाही कळायला नको? मी कागदावर इथल्या भाषेत बघायचो आणि मराठीत सांगायचो. "कलम एक. कलम दोन." आवाज असा काही लागला होता की बायकोसुद्धा ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

अक्का हात मांडीवर ठेवून ऐकत होती. लहानपणी माझा धडा असाच ऐकायची. ती आत शिवणाच्या मशीनवर, मी बाहेर पायरीवर मोठ्याने वाचतोय. मी एखादी ओळ गाळली की आतलं मशीन थांबायचं. "छोट्या, मधलं खाल्लंस." पुस्तक समोर नसताना तिला कसं कळायचं देव जाणे.

दहापर्यंत झकास झालं. अकरावं कलम म्हणजे अर्धं पान, त्यात "वगळून", "व्यतिरिक्त" आणि "अन्यथा" यांचा नुसता चिखल. मला धड लागेना. आता अक्कासमोर त त प प कोण करणार? सरळ बारावं घेतलं. शेवटी कागद मिटून माझ्या भाषेत सांगितलं, "थोडक्यात काय अक्का, तू शिंकलीस तरी बिल माझ्या नावावर. डॉक्टर, औषध, दवाखाना, सगळं माझ्यावर. दहा वर्षं!"

अक्का म्हणाली, "एवढं कशाला रे घेतलंस डोक्यावर?"

ऊर भरून आला. माणसाने केलेलं कोणाला तरी कळावं लागतं.

४ एप्रिल

बायको कामावर रुजू झाली. एका किराणा दुकानात गल्ल्यावर असते, आठवड्याला पाळी बदलते. घर अक्काने हातात घेतलं. सकाळी माझा डबा तयार, चिमणीची आंघोळ झालेली, कपडे वाळत. मी बायकोला म्हटलं, "बघ, रमली." बायको म्हणाली, "रमली की जुंपली?" हिला सरळ बोलायचं वावडं आहे.

पुराव्यासाठी नोंद: अक्काला लोकरीची टोपी आणि पायमोजे आणले. दोन जोड.

११ जून

आज काम भरपूर. तीस जोड्या. मी चष्म्याच्या दुकानाच्या तळघरात काचा घासतो. वर नंबरवाल्या बाई लोकांचे डोळे तपासतात, चिठ्ठी ट्रेमध्ये टाकून खाली पाठवतात, मी चिठ्ठी बघून काच घासतो आणि फ्रेमच्या मापाने कापून बसवतो. एकोणीस वर्षांत माझी काच परत आलेली नाही. मालक गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्या खालच्या माणसाला माणसं दिसत नाहीत, फक्त नंबर दिसतात." खरंच आहे. गिऱ्हाइकाचं तोंड मी कधी बघितलेलंच नाही.

घरी आलो तर अक्का म्हणते, "छोट्या, मला कडेचं जरा धुरकट दिसतं रे. इथे डोळ्यांचा डॉक्टर..." मी म्हटलं, "अक्का, इथे डॉक्टर म्हणजे काय पडतं माहीत आहे का? आणि कोणावर पडतं? त्या दिवशी वाचून दाखवलं ना?" ओशाळली बिचारी. मग मीच तिचा चष्मा घेतला. काच इतकी मळलेली की म्हशीलासुद्धा धुरकट दिसेल. दुकानातून आणलेल्या काच पुसायच्या पाण्याने लख्ख पुसून दिला. म्हटलं, "आता?" म्हणाली, "आता छान."

घरात कारागीर असल्याचा हा फायदा.

२३ ऑगस्ट

अक्काचा धांदरटपणा वाढला आहे. आठवड्यात तिसरा कप फुटला. हात लावायचा असतो बशीला, कोपर लागतं कपाला. दाराच्या चौकटीला खांदा आपटून निळा झालाय. स्वयंपाकघरात मी शेजारी उभा असलो तरी "अगं बाई!" करून दचकते, जणू भूत आलंय.

बायको म्हणाली, "अक्कांचे डोळे एकदा दाखवायला हवेत." मी म्हटलं, "सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते ती. काल माझ्यासमोर ओवला. सुईचं भोक दिसतं आणि एवढं मोठं दार दिसत नाही? लक्ष नसतं तिचं, बाकी काही नाही." बायकोने कपाचे तुकडे सुपडीत भरले.

६ नोव्हेंबर

डोक्याला ताप. आज शेजारीण भेटली आणि हसत म्हणाली, "तुमच्या बहिणीने पडदे काय सुंदर शिवून दिले!" पैसे घेऊन! वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या दोन पँटीही शिवल्या म्हणे.

अक्काला विचारलं. तिने मुकाट्याने डबा आणून पुढे ठेवला, त्यात थोडी नाणी आणि दोन नोटा. मी म्हटलं, "मी काय उपाशी ठेवलंय तुला? दहा वर्षांची हमी दिलीय मी! लोकांना काय वाटेल?" म्हणाली, "हातात थोडे असावेत वाटलं. दर वेळी तुझ्यापुढे हात कसा पसरायचा?" म्हणजे झालं! घरच्या माणसाला का कोणी हातात पैसे मोजून देतं? काय हवं ते सांगावं, मी आणून देतो.

शिवण बंद केलं. डबा तिच्याकडेच ठेवू दिला, मी काही राक्षस नाही.

जेवताना सहज विचारत होती, "तुमच्या त्या नंबरवाल्या बाई तपासायचे किती घेतात रे?" मी आकडा सांगितला. "बापरे," म्हणाली आणि ताटात बघत बसली. एवढ्या वर्षांत माझ्या धंद्याची चौकशी पहिल्यांदाच केली.

१७ जानेवारी

आज अक्का चिमणीला घेऊन जिना उतरत होती. वळणावर कोणीतरी बादली ठेवली होती, कडेला, भिंतीलगत, सरळसरळ दिसेल अशी. हिचा पाय बादलीत. दोघी चार पायऱ्या गडगडत खाली. चिमणीच्या कपाळाला तीन टाके.

दवाखान्यातून आल्यावर माझा तोल सुटला. म्हटलं, "आंधळी आहेस का? एक पोर सांभाळता येत नाही? मी तुझ्यापायी दहा वर्षं बांधून घेतली, ती हे बघायला?" बायको मला आत ओढत होती. अक्का भिंतीला टेकून उभी होती, तिच्या स्वतःच्या मनगटाला सूज आलेली. म्हणाली, "चुकलं माझं." मनगट दाखवायलाही आली नाही. तेलाने चोळून वर फडकं बांधलं.

चिमणीच्या टाक्यांचे पैसे पडले नाहीत. काउंटरवर फक्त कार्ड बघितलं. ती इथली ना, जन्माने.

१८ जानेवारी

काल जास्त बोललो. पण खोटं काही बोललो नाही.

२ फेब्रुवारी

चिमणीला पाळणाघरात घातलं. बायको ऐकेना. म्हणजे पाळणाघराची फी आहेच, वर अक्काचा खर्च आहेच. ज्यासाठी एवढा खटाटोप केला... जाऊ दे. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं ते लिहिलं.

अक्का आता जिना उतरताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत असते. देवाचं असेल. घाबरली आहे पडल्यापासून. चिमणीला उचलून घेत नाही, बसल्या जागी जवळ बोलावते आणि बोटांनी तिचं तोंड चाचपत राहते.

२० फेब्रुवारी

अक्का म्हणाली, "छोट्या, मला परत पाठव."

मी जेवता जेवता थांबलो. "कुठे? खोल्या विकल्या ना आपण." म्हणाली, "कुणाकडेही राहीन. शिवणावर चारचौघी ठेवून घेतील." मी म्हटलं, "आणि मी काय सांगू लोकांना? बहीण वर्षभरसुद्धा टिकली नाही माझ्याकडे? अक्का, अगं, एवढं केलं तुझ्यासाठी, आणि तू पाठ फिरवतेस?" डोळे भरले माझे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "बरं. नाही जात."

खोल्यांच्या पैशांचा विषय तिने काढला नाही, तेवढं बरं झालं. ते या घराच्या डिपॉझिटमध्ये अडकलेत. कागद मंजूर झाल्यावर परत काढायचे ठरले होते, पण जागा मोठी घ्यावीच लागली. तिच्यासाठीच ना?

७ जून

अक्काने वाचायचं सोडलं. पोथी उघडून बसते, पान उलटत नाही. बायको म्हणाली, "तू त्यांच्याशी बोलत का नाहीस?" मी म्हटलं, "काय बोलू? रुसलीय ती." परत पाठवलं नाही त्याला साडेतीन महिने झाले, अजून रुसवा. आमच्या घराण्याचा स्वभावच आहे, मनातलं सांगायचं नाही.

३ सप्टेंबर

आज डबा विसरलो. अक्का तो घेऊन दुकानात आली. एकटी, मोठा रस्ता ओलांडून. मालकाने जिन्यातून हाक मारली, "अरे, वर ये, तुझी बहीण आलीय!" मी हातातली जोडी पुरी करायला लागलो. फार तर वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्यात नंबरवाल्या बाई स्वतः खाली आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या तळघराचा जिना उतरल्या. म्हणाल्या, "काम ठेवा आणि वर चला."

अक्का मशीनसमोर बसली होती, हातात ते बटण, ठिपका दिसला की दाबायचं. बाईंनी माझ्या हातात छापील कागद दिला. दोन गोल, दोन डोळ्यांचे. दोन्ही काळेकुट्ट, मधोमध नाण्याएवढा पांढरा डाग.

"एवढंच दिसतं त्यांना," बाई म्हणाल्या. "काचबिंदू. बाजूने खात खात आलाय. दुकानात शिरताना त्या टेबलाला धडकल्या, मी डावीकडून हात पुढे केला तर पत्ताच नाही. म्हणून बसवलं."

मी म्हटलं, "पण ती सुईत दोरा ओवते!"

"ओवणारच. सुई समोर असते."

मी म्हटलं, "मग नंबर काय द्यायचा? मी आज घासतो. आत्ता घासतो." बाईंनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. "याला नंबर नसतो हो. गेलं ते गेलं. उरलंय ते थेंबांनी टिकवता येईल कदाचित. दीड वर्षापूर्वी आला असतात तर यातलं बरंच वाचलं असतं. तुम्ही इथेच काम करता ना?"

अक्का मध्येच म्हणाली, "त्यांना विचार, तपासायचे किती झाले." आणि पिशवीतून तो डबा काढला, नाणी आणि दोन नोटांचा.

बाईंनी पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी तिला हाताला धरून घरी आणलं. रस्ताभर पुटपुटत होती. मी विचारलं, "काय म्हणतेस गं?" म्हणाली, "मोजते. दुकानापासून वळणापर्यंत चौदा खांब, मग रस्ता, मग अकरा. जिना बावीस." मी सात महिने समजत होतो की देवाचं नाव घेते.

४ सप्टेंबर

कामावर गेलो नाही. ही वही पहिल्यापासून वाचली. विमानतळ. कप. चौकट. बादली. सगळं तारखेसकट लिहिलंय मी. कागदवाला म्हणाला होता तसा पुरावा.

बायकोने सांगितलं होतं. अक्काने स्वतः सांगितलं होतं. लाज वाटते.

८ सप्टेंबर

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरही नंबरवाल्या बाईंसारखंच बोलले. थेंब रोज दोनदा, जन्मभर. डावा डोळा बहुतेक जाईल, उजव्यातलं थोडं राहील.

मग पैशांच्या खिडकीवर गेलो. हमीपत्राची फाइल नेली होती, ही वहीसुद्धा नेली होती, म्हटलं हप्ते बांधून मागू. खिडकीतला कारकून तरुण, चहा पीत होता. मी सगळं सांगितलं: मी हमीदार, दहा वर्षं, खर्च माझ्यावर. त्याने अक्काचं रहिवासाचं कार्ड मशीनला लावलं आणि म्हणाला, "यांचं काही बिल नाही."

मी म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय. मी सही केलीय." त्याने फाइल ओढून घेतली, पानं चाळली आणि एका जागी पेन ठेवलं. "उपचार हमीत येत नाहीत. आल्यापासून नव्वद दिवस झाले की इथल्या इतर कोणाहीसारखे. कलम अकरा. वाचलं नाहीत?"

मागे रांग होती. कोणीतरी खाकरलं. मी बाजूला झालो.

अक्का बाकावर बसली होती. मी जवळ गेलो, पावलांवरून ओळखलं तिने. विचारलं, "खूप झाले का रे?"

मी म्हटलं, "झाले थोडे. बघतो मी."

हेही इथे लिहून ठेवतो. एवढं होऊनही माझ्या तोंडून हे निघालं. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "किती करशील रे."

१० सप्टेंबर

बायकोला अकराव्या कलमाचं सांगितलं. ती ताडकन उठली. चिमणीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मग परत येऊन म्हणाली, "त्यांना सांगायचं तू. मी नाही सांगणार."

मी म्हटलं, "सांगून काय मिळणार तिला? उलट जास्त त्रास." बायको म्हणाली, "त्रास कोणाला, त्यांना की तुला?"

१४ सप्टेंबर

रविवार. बायको चिमणीला घेऊन बागेत गेली होती. मी अक्काच्या डोळ्यांत थेंब घातले. ती डोळे मिटून आडवी पडली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "छोट्या, तो कागद वाच ना."

"कुठला?"

"तुझा हमीचा. पहिल्या दिवशी वाचला होतास तो. काय खणखणीत वाचलं होतंस. आता पोथी होत नाही, तर तुझं वाचणं तरी ऐकते."

तो कागद मला नजरेसमोरही नको होता. पण नाही कसं म्हणणार? फाइल काढली. "कलम एक." आवाज लागत नव्हता. ती पडल्या पडल्या ऐकत होती, हात पोटावर, एकेका कलमाला एकेक बोट मिटत होती. माझं तिकडे लक्ष होतं, पण मला वाटलं बोटांना चाळा. नऊ झालं. दहा झालं. दहाव्याला तिच्या दोन्ही मुठी मिटल्या. मी पान उलटलं, श्वास घेतला आणि म्हटलं, "कलम बारा."

"अकरावं राहिलं," अक्का म्हणाली.

मी उलटलेलं पान पुन्हा मागे केलं.

"त्या दिवशीही राहिलं होतं. दहा म्हणालास आणि मग एकदम बारा." डोळे मिटलेलेच होते. "लहानपणापासून ओळखते मी तुला. पण त्या दिवशी विचारलं नाही. म्हटलं, त्यात फार जड काहीतरी असणार. माझ्या आजारपणाचं वगैरे. मला वाईट वाटू नये म्हणून पोराने गाळलं. म्हणून मग मीच ठरवलं, डॉक्टरचं नाव काढायचं नाही."

मी म्हटलं, "अक्का, मला ते तेव्हा वाचता आलं नव्हतं. तुझ्यासमोर अडखळायची लाज वाटली, म्हणून सोडलं."

"आता येतं?"

"येतं."

"मग वाच."

वाचलं. एकही शब्द गाळला नाही. एक वाक्य कळलं नाही तेव्हा थांबलो, परत बघितलं आणि परत सांगितलं. दवाखान्यात एक पैसाही पडला नव्हता, तेही सांगितलं. तिने मुठी तशाच मिटून ठेवल्या. मग विचारलं, "नव्वद दिवस म्हणजे कधी झाले रे?"

"गेल्या वर्षी. सात जूनला."

"जून." ती मनाशी काहीतरी लावत होती. "म्हणजे तू माझा चष्मा पुसून दिला होतास, त्याच्या आधीच."

"हो. चार दिवस आधी."

तिने मिटलेल्या मुठी उघडल्या आणि एका हाताचं एक बोट मिटलं.

"झालं अकरा," म्हणाली. "आता बारावं वाच."